घरं धूसर करणारे जर्मन

नोव्हेंबर २०१० मध्ये जर्मनीतल्या एसेन शहरात काही घरांवर अंडी फेकली गेली. गूगलचं कौतुक करणाऱ्या चिठ्ठ्याही तिथे डकवलेल्या सापडल्या. त्या रहिवाशांचा गुन्हा एवढाच, की रस्त्यांवरची दृश्यं नकाशात दाखवणाऱ्या गूगलच्या ‘स्ट्रीट व्ह्यू’मध्ये त्यांनी आपलं घर धूसर करून घेतलं होतं.

वीस मोठ्या शहरांतल्या २,४४,२३७ कुटुंबांनी तसे अर्ज केले होते, म्हणजे शंभरातल्या जेमतेम तिघांनी. छायाचित्रं झळकण्याआधीच हरकत घेण्याची ही मुभा माहिती-संरक्षण अधिकाऱ्यांनी कंपनीकडून मिळवली होती. एका भाडेकरूची हरकत आली तरी अख्खी इमारत पुसट व्हायची.

रस्त्यावरून कोणालाही दिसणारी भिंत लपवायची कशाला? या देशाने नाझी राजवट पाहिली, पूर्व जर्मनीत श्टाझी या गुप्त पोलिसांची पाळत सोसली. पश्चिम जर्मनीत १९८३ साली चक्क जनगणनेवर बहिष्काराची चळवळ उभी राहिली. आपली माहिती कोणाला द्यायची आणि ती कशासाठी वापरू द्यायची, हे मुळात ज्याचं त्याने ठरवायचं, असा निकाल घटना न्यायालयाने त्याच वर्षी १५ डिसेंबरला दिला.

मात्र खरी गळती भिंतींतून होत नव्हती. छायाचित्रं घेत फिरणाऱ्या गाड्या आसपासच्या वाय-फाय नेटवर्कांचीही नोंद करत होत्या. हॅम्बुर्गचे माहिती-संरक्षण आयुक्त योहानेस कास्पर यांच्या कार्यालयाने ती माहिती तपासायला मागितली. मग मे २०१० मध्ये गूगलने कबुली दिली, की पासवर्ड नसलेल्या नेटवर्कांवरून जाणारा मजकूरही साठवला गेला होता. त्यात लोकांचे ईमेल होते, पासवर्ड होते. हे चुकून घडलं, असं कंपनीचं म्हणणं. २०१३ मध्ये हॅम्बुर्गने दंड ठोठावला १,४५,००० युरो. कायद्याने मर्यादाच होती दीड लाखाची!

२०११ मध्ये गूगलने जर्मनीत स्ट्रीट व्ह्यूचा विस्तार थांबवला. २०२३ मध्ये नवी छायाचित्रं आली. जुन्या हरकती बाद झाल्या, घर धूसर हवं असेल तर पुन्हा अर्ज करा. या वेळी मात्र पूर्वीसारखा गदारोळ झाला नाही.

लोकांचा राग डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवर निघतो आणि काही वर्षांत निवतो. न दिसणारं बाहेर काढायला हिशेब मागण्याचा अधिकार असलेलं कार्यालय लागतं, आणि त्याच्या दंडाला वजन लागतं. २०१८ पासून युरोपात गंभीर उल्लंघनासाठी कंपनीच्या जगभरातल्या वार्षिक उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत दंड करता येतो. दीड लाखाच्या मर्यादेवर कंपन्या हसू शकत होत्या. या आकड्यावर त्यांना वकील बसवावे लागतात.