गवतकापणीच्या गाडीस घरगुती दिवे

अमेरिकेंत घराभोंवतीं मोठी हिरवळ असली, म्हणजे वर बसून चालवावयाची गवतकापणीची गाडी पुष्कळ घरीं असते. हिंवाळ्यांत तिच्यापुढें पातें जोडून बर्फही लोटतां येतें. परंतु त्या दिवसांत सायंकाळीं लवकरच अंधार पडतो. म्हणून तेथील वास्तव्यांत आम्हीं आमच्या गाडीस मोटारीचे दोन जुने दिवे घरींच बसविले. प्रकाश लख्ख पडला. पण तिसऱ्या दिवशीं गाडी सुरूच होईना!

कारण साधें होतें. प्रत्येक दिवा ५५ वॅटचा. १२ व्होल्टच्या बॅटरींतून दोहोंस मिळून ९ अँपिअरांहून अधिक प्रवाह लागे. एंजिन मात्र उणीपुरी ५ अँपिअर वीज परत भरी. मिळकतीहून खर्च वाढला म्हणजे संसाराचें जें होतें, तेंच बॅटरीचें झालें. पुढें १८ वॅटचे दोन एलईडी दिवे लावले, आणि खर्च ३ अँपिअरांवर आला.

याहून महत्त्वाची गोष्ट फ्यूजची. तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आंतच घालावा. गाडीचा लोखंडी सांगाडा ऋण टोकास जोडलेला असतो. घासून उघडी पडलेली तार त्यास टेकली, कीं ती क्षणांत लाल होते, आणि पेट्रोलची टांकी जवळच असते. आसनाखालील कळ, चालक उठतांच एंजिन बंद पाडते. तिच्या तारांस हात लावूं नये. आणि दिवे झाले म्हणून वाचकांनीं रात्रीं गवत मात्र कापूं नये; अंधारांतून धांवत येणारें मूल कोणत्याही दिव्यास उशिराच दिसतें.