लक्षद्वीप : दळणवळण आणि भाषाभेद

'समुद्र आडवा आला म्हणून भाषा वेगळ्या झाल्या' असे विधान उत्तरपत्रिकांत वारंवार आढळते. ते अपुरे आहे. समुद्र हा नावेचा मार्गही असतो. म्हणून बेटांवरील भाषांचा विचार करताना अंतराबरोबर नावा कोठे जात होत्या, हेही पाहावे लागते. लक्षद्वीपच्या उदाहरणावरून हा मुद्दा समजून घेऊ.

केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० ते ४४० किलोमीटरांवर पसरलेल्या या समूहात ३६ बेटे आहेत. त्यांचे एकूण क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर. वस्ती १० बेटांवर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३ होती. येथे नारळ आणि मासे विपुल, पण भात पिकत नाही. त्यामुळे काथ्या देऊन तांदूळ आणणे हाच पूर्वीच्या दळणवळणाचा कणा होता. (मराठीतील 'दळणवळण' या शब्दात मालाची ने-आण आणि माणसांचा संपर्क हे दोन्ही अर्थ सामावले आहेत. प्रस्तुत विषयाला तो फार नेमका बसतो.) ही वाहतूक 'ओडम' नावाच्या शिडाच्या नावांतून होई. पावसाळ्यात ओडम किनाऱ्यावर ओढून ठेवत आणि मुख्य भूमीशी संबंध काही महिने तुटे. अमिनी, किल्तान, चेतलात इत्यादी उत्तरेकडील बेटांचा व्यवहार मंगळूरशी, तर कवरत्ती, अंद्रोत आदींचा कण्णूरशी असे.

मिनिकॉय सोडता इतर बेटांवर मलयाळमचे 'जेसरी' हे रूप बोलले जाते. बेटाला अरबीत 'जझीरा' म्हणतात. त्याच शब्दकुळातून 'जेसरी' हे नाव आले आहे आणि आपला 'जंजिरा'ही. जेसरी बोलणाऱ्यांचे औपचारिक लेखन मात्र प्रायः मलयाळममध्ये होते.

मिनिकॉयची गोष्ट निराळी. रुंद अशा नऊ अंश खाडीच्या पलीकडे असलेल्या या बेटाला इतर बेटांपेक्षा मालदीव जवळ आहे. येथील 'महल' ही भाषा मालदीवच्या दिवेहीचेच रूप असून ती उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या थाना लिपीत लिहितात. ही भाषा इंडो-आर्यन कुळातील, म्हणजे मराठीची दूरची नातलग आहे. दिवेहीत मासळीला 'मस' म्हणतात. आपल्या 'मासा' या शब्दाशी तिचे नाते स्पष्ट आहे. मिनिकॉयवर दीर्घकाळ कण्णूरच्या अली राजांची सत्ता होती, तरी तेथे मलयाळम रुजली नाही. केवळ राज्यसत्तेच्या आधारे भाषेचा नकाशा काढू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आज मार्ग बदलले आहेत. १९५६ मध्ये हा केंद्रशासित प्रदेश झाला आणि १९६४ मध्ये प्रशासनाचे मुख्यालय कोझिकोडहून कवरत्तीला आले. आता प्रवासी जहाजे मुख्यतः कोचीहून सुटतात. प्रवासास साधारणपणे १४ ते १८ तास लागतात. बऱ्याच ठिकाणी प्रवाळखडकांमुळे जहाज बाहेरच थांबते आणि उतारूंना छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात. १९८८ पासून अगत्तीला विमानतळ आहे, पण धावपट्टी आखूड असल्याने तेथे लहान विमानेच उतरतात. मालदीवकडचा जुना जलमार्ग आता आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडतो. त्यामुळे महल बोलणाऱ्यांचे नित्याचे व्यवहार आपल्या भाषाबंधूंपेक्षा कोचीशीच अधिक होतात.

जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून समुद्रतळावरून टाकलेल्या प्रकाशतंतू केबलचे कवरत्तीत उद्घाटन झाले. तोपर्यंत इंटरनेटची भिस्त उपग्रहावर होती. पावसाळ्यात ओडम थांबे, केबल थांबत नाही. जेसरी बोलणाऱ्या मुलाच्या कानी प्रमाण मलयाळम आता बारमाही पडणार. महलपुढील प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण याच तारेतून मालेची गाणी आणि बातम्याही मिनिकॉयला पोहोचू शकतात. सीमेने अडवलेली वाट तारेने अंशतः मोकळी केली आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कृती : आपल्या तालुक्याच्या नकाशावर जुन्या आठवडे बाजाराच्या वाटा आणि आजचे एस.टी.चे मार्ग दोन रंगांत दाखवा. बोलीतील कोणते शब्द कोणत्या मार्गावरील गावांत आढळतात, याची नोंद करा.