दोन हजेऱ्या : विमुक्तांच्या आत्मकथनांतील निर्वासन आणि आशा

निर्वासनाचे साहित्य म्हटले की स्वदेश सोडावा लागलेल्या लेखकाचे लेखन डोळ्यांपुढे येते. दक्षिण आफ्रिकेतील एझेकिएल म्फाहलेले हे त्याचे ठळक उदाहरण होय. वर्णभेदी शिक्षणधोरणाला विरोध केल्यामुळे १९५२ मध्ये त्यांना शिक्षकपदावरून दूर करण्यात आले. १९५७ मध्ये ते नायजेरियाला गेले आणि १९७७ मध्ये मायदेशी परतले. ‘डाउन सेकंड ॲव्हेन्यू’ (१९५९) या त्यांच्या आत्मचरित्रात प्रिटोरियाजवळील मराबास्टाड ही वस्ती नावानिशी उभी राहते. तेथे दारिद्र्य आहे, पोलिसांची दहशत आहे. तरीही ‘आपले’ म्हणावे असे ठिकाण आहे. अशा निर्वासिताची आशा परतीशी बांधलेली असते.

लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनांपुढे ही व्याख्या अपुरी पडते. टोपल्या-कणग्या विणत, गाढवांच्या पाठीवर संसार लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाने देश सोडलेला नाही; परंतु परतावे असे गावच त्याला नाही. शीर्षके या दृष्टीने अर्थपूर्ण आहेत. ‘उपरा’ हा शब्द गावाने ठरवलेले नाते सांगतो, तर ‘उचल्या’ हा शब्द समाजाने जन्मापूर्वीच केलेला आरोप सांगतो.

या आरोपाला कायद्याचे रूप १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने दिले आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढली. नोंदणी झालेल्या माणसाला ठरावीक वेळी हजेरी द्यावी लागे; हद्दीबाहेर जाण्यासाठी परवाना लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत ‘पास रद्द करणारा’ म्हणवणारा कायदा झाला; प्रत्यक्षात त्याने सोळा वर्षांवरील कृष्णवर्णीयांवर ओळखपुस्तिकेची सक्ती आणली. या पासविरोधी निदर्शनांतच २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे ६९ माणसे गोळीबारात मारली गेली. पासची सक्ती १९८६ मध्ये संपली. भारतातही कायदा गेला तरी संशय गेला नाही. मुंबई राज्यात १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला आणि जुन्या पाळतीला नवी वाट मिळाली.

या पार्श्वभूमीवर दोन्ही आत्मकथनांतील शाळाप्रवेशाच्या प्रसंगांचे महत्त्व ध्यानात येते. बाप मुलाला शाळेत घालतो, तेव्हा तो केवळ शिक्षणाची सोय करीत नसतो. ज्यांचे नाव आजवर पोलिसांच्या वहीत होते, त्यांचे नाव शाळेच्या पटावर जाते. हजेरी हा एकच शब्द; परंतु एका हजेरीत माणूस संशयित असतो, दुसरीत विद्यार्थी. परतीची शक्यता नसलेल्या निर्वासिताची आशा अशी नोंदीच्या रूपाने प्रकटते. ही आशा निर्वेध मात्र नाही. गावाचा तिरस्कार आणि जातपंचायतीची दहशत अशा दोन्ही बाजूंनी तिची कोंडी होते.

या आशेचे सामाजिक रूप आत्मकथनांच्या बाहेरही दिसते. १९९८ मध्ये महाश्वेता देवी व गणेश देवी यांच्यासह विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभारणाऱ्यांत गायकवाड होते. चिंचवड येथे गिरीश प्रभुणे यांनी उभे केलेले गुरुकुलम् पारधी व अन्य भटक्या-विमुक्त समाजांतील मुलांना निवासी शिक्षण देते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आल्यानंतर या परिसरात गावोगावची माणसे येऊन स्थिरावली. कारखान्याच्या हजेरीपटाने बाहेरून आलेल्या अनेकांना शहराचे केले. पारध्याच्या मुलाला हे भाग्य सहजासहजी लाभत नाही, कारण त्याच्या नावाआधी त्याच्या जमातीचे नाव विचारले जाते.

म्हणूनच या आत्मकथनांना केवळ ‘दाहक अनुभवांचे दस्तऐवज’ म्हणून थांबणे अन्यायाचे ठरेल. दाहकतेने सहानुभूती जागी होते. हक्काचा प्रश्न मात्र कोणाचे नाव कोणत्या वहीत आणि कोणी लिहिले, येथून सुरू होतो. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ यांचे वाङ्मयीन मोल असे की, आजवर ज्यांची नोंद इतरांनी केली, त्यांनी येथे स्वतःची नोंद स्वतःच्या शब्दांत केली आहे.