जुनं घर, पंधरा वारस : बिल्डर येण्याआधी मालकांनी काय करावं?

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तेव्हापासून बारामती-इंदापूर भागात आम्ही जिथे बसतो तिथे एकच प्रश्न येतो : आमच्या पडक्या घरांचं असं कधी होणार? उत्तर कडू आहे. बीडीडीची मालकी सरकारची होती, काम म्हाडाने केलं. आपल्या जुन्या गावठाणातली घरं खासगी आहेत. इथे मालकांनीच एकत्र येऊन सुरुवात करावी लागते.

एकत्र का? दीड-दोन गुंठ्यांच्या अरुंद जागेत सामासिक अंतर, जिना आणि पार्किंग सोडलं की बांधायला फारसं उरत नाही. शेजारच्या तीन-चार मालकांनी जागा एकत्र केल्या तर तेच नियम पेलतात. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली एकत्रिकृत बांधकाम नियमावली बारामती आणि इंदापूर या दोन्ही नगरपरिषदांना लागू आहे. जुन्या, धोकादायक इमारतींच्या पुनर्बांधणीसाठी तिच्यात स्वतंत्र तरतूद आहे.

पण गाडी अडते ती कागदावर. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी, हा गैरसमज आपल्या वस्त्यांत खोलवर आहे. पावती कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नाही. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा, नाहीतर सातबारा. बहुतेक वेळा तिथे आजोबांचंच नाव असतं. वारस नोंद केल्याशिवाय ना नकाशा मंजूर होतो, ना बँक दारात उभी करते. ‘बिल्डर कशाला, रमाई आवासमधून बांधू’ म्हणणाऱ्यांनाही हाच कागद लागतो.

वारसांत बहिणीही येतात. हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. बहिणीला साडी-चोळी देऊन हक्कसोडपत्रावर सही घ्यायची आणि १४ एप्रिलला हिंदू कोड बिलावर भाषण करायचं, हे आम्हाला तरी पटत नाही. तिचा वाटा आधी बोला, मग सही मागा.

जागा महार वतनाची असेल तर जास्त जपायला हवं. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द झाली आणि जमिनी नव्या शर्तीवर कुटुंबांना परत मिळाल्या. ज्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं, त्याच वतनाची ही जमीन. भोगवटादार वर्ग-२ अशी नोंद असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री करता येत नाही. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून ‘विसार’ घेणारी कुटुंबं इथेच फसतात.

दुसरा सापळा ओळखीचाच आहे. पंधरा वारसांपैकी अडचणीतल्या एकाला गाठायचं, त्याचा अविभक्त हिस्सा स्वस्तात घ्यायचा आणि बाकीच्यांना ‘आता मीही मालक’ म्हणून दम द्यायचा. घाबरू नका. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात असा बाहेरचा खरेदीदार ताबा मागू शकत नाही, त्याला वाटपाचा दावाच लावावा लागतो. त्याने तो लावला तर १८९३ च्या विभाजन कायद्याच्या कलम ४ खाली त्याचा हिस्सा न्यायालय ठरवेल त्या किमतीला विकत घेण्याचा अर्ज कुटुंबातले हिस्सेदार करू शकतात. हे कलम कार्यकर्त्यांनी पाठच करावं.

आपली अनेक माणसं मालक नसून भाडेकरू आहेत, हेही विसरता येत नाही. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनसी खिमजी प्रकरणात सांगितलं आहे. नगरपरिषदेची धोकादायक इमारतीची नोटीस आली तर जीव वाचवायला घर सोडा, पण सोडण्याआधी खोलीचं माप, फोटो आणि भाडेपावत्या जपून ठेवा. मालकांनीही भाडेकरूंना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावं. त्यांना वगळून केलेला करार पुढे कोर्टात अडकतो.

बिल्डर शेवटी येतो. करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा. बांधकाम संपेपर्यंतचं भाडं, प्रत्येकाचं चटई क्षेत्र आणि काम रखडल्यास काय, हे त्यात आकड्यांत लिहिलेलं हवं. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि सदनिका आठपेक्षा जास्त असतील तर महारेराची नोंदणी तपासा.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात एक वही उघडा. एका पानावर एक घर : मिळकत पत्रिकेवरचं नाव, हयात वारस, बहिणी कुठे दिल्या, भाडेकरू किती. आमच्या अनुभवात हे पान भरायलाच दोन-तीन महिने जातात.