निम्मा परका, तरी आपला

आपल्या खानदेशात मूल जन्मले की घरात पहिला वाद रंगतो तो चेहऱ्याचा. नाक बापाचे, कपाळ आजोबांचे, रंग मात्र आमच्याकडचा! या हौशीच्या वादात वैद्यकशास्त्राचे एक मोठे कोडे दडलेले आहे. बाळाचा निम्मा वारसा बापाकडून येतो. म्हणजे आईच्या शरीराच्या हिशेबी ते निम्मे परकेच. सख्ख्या भावाने मूत्रपिंड दिले तरी बहिणीचे शरीर ते सहजासहजी स्वीकारत नाही, औषधे बहुधा जन्मभर घ्यावी लागतात. मग निम्मे परके बाळ पोटात नऊ महिने सुखरूप राहते कसे?

पीटर मेडावार या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ साली हा प्रश्न नेमकेपणाने मांडला. परक्या ऊतींना शरीर कसे सहन करू शकते, यावरील संशोधनासाठी त्यांना १९६० मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. गर्भाचे कोडे मात्र आजही एका वाक्यात सुटत नाही.

माझे आयुष्य बँकेत गेले, त्यामुळे मला हे बँकेच्या भाषेत लवकर कळते. चेक आला की आम्ही त्यावरची सही नमुना सहीशी ताडून पाहत असू. रक्तातल्या टी पेशी हेच काम करतात. समोरच्या पेशीवरची ओळखखूण त्या तपासतात. खूण परकी वाटली की त्या चवताळतात, भराभर वाढतात आणि हल्ला चढवतात. जंतूंपासून आपण वाचतो ते त्यांच्यामुळे. पण हाच पहारा बाळावर उलटला तर?

इथे ग्लायकोडेलिन नावाचे एक प्रथिन कामाला येते. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाखाली गर्भाशयाच्या अस्तरातील ग्रंथी ते स्रवतात. ते प्रथम वारेतून वेगळे काढले गेले, म्हणून त्याला ‘वारेचे प्रथिन क्रमांक १४’ असे नाव पडले. प्रत्यक्षात ते तयार करते आईचेच शरीर. पहिल्या तीन महिन्यांत आईच्या रक्तात ते सर्वाधिक असते, पुढे कमी होत जाते. गंमत अशी, की गाईच्या दुधातील एका प्रथिनाचे ते नातलग आहे.

हे प्रथिन टी पेशींचे नेमके काय करते, याचा शोध बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. अंजली कारंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत दिसले, की ग्लायकोडेलिनमुळे टी पेशी स्वतःच मरणाची वाट धरतात. त्याच रक्तातील मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना मात्र तसे होत नाही. म्हणजे सगळा पहारा उठत नाही; बंदूक रोखलेला पहारेकरी तेवढा बाजूला होतो. आईला रोगांशी लढायची ताकद हवीच असते.

अर्थात हे प्रथिन एकटे नाही. इतर टी पेशींना आवर घालणाऱ्या काही टी पेशीही गरोदरपणात मदतीला येतात. अशा पेशींच्या शोधासाठीच २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल दिले गेले.

हे सारे वाचताना मला धुळ्याच्या शाखेतील आमच्या एका शिपायाची बायको आठवते. तीनदा दिवस गेले, तीनदा घात झाला. सासूने कानबाईला नवस बोलून पाहिला, गंडेदोरे झाले, आणि शेवटी घरात ‘हिची कूसच वाईट’ असा निकाल लागला. ती माझ्या पत्नीपाशी रडली, ‘‘ताई, मना काय गुन्हा शे?’’

त्या प्रश्नाचे उत्तर आज स्पष्ट देता येते : काही नाही. सुरुवातीच्या महिन्यांतील निम्म्याहून अधिक गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषाने होतात. तो दोष आईच्या बीजातून येईल, तसाच बापाच्याही. वारंवार असे झाले तर थायरॉइड, गर्भाशयाची रचना, रक्तात गुठळ्या होण्याचा विकार अशा तपासण्या करता येतात. काही कारणांवर उपायही आहेत. आणि वारंवार गर्भपात होऊनही पुढे सुखरूप बाळंत झालेल्या स्त्रिया पुष्कळ आहेत.

मात्र विज्ञानाच्या नावाखालीही फसगत होऊ शकते. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचण्याचा उपचार एकेकाळी फार बोलबाल्याचा होता. १९९९ मध्ये अमेरिकेतील शिस्तशीर चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, आणि २००२ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने संशोधनाबाहेर तो करू नये असे बजावले. ग्लायकोडेलिनचेही औषध झालेले नाही. कोणी तसे सांगून पैसे मागू लागला, तर जळगाव असो वा मुंबई, पाकीट बंदच ठेवावे आणि दुसऱ्या जाणत्या डॉक्टरांना विचारावे.

शेवटी एक विचार मनात राहतोच. निम्म्या परक्या जिवाला सांभाळून घेण्यासाठी स्त्रीचे शरीर रागावलेल्या पहाऱ्यालाही शांत करते. सूनही आपल्या घरात परकीच येते. तिच्या दुखऱ्या दिवसांत आपण निदान आपल्या जिभेवर तेवढा पहारा बसवायला काय हरकत आहे?