काळ्या-पांढऱ्या चौकोनांचं गणित

ब्रिजेट रायली या ब्रिटिश चित्रकर्तीचं ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’ हे चित्र पाहिलं की आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या मनात पहिला विचार येतो, ‘एवढंच ना? दोन लूप लावले की झालं!’ बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन. उंची सगळ्यांची सारखी. रुंदी मात्र डावीकडून उजवीकडे कमी कमी होत जाते, एका ठिकाणी जेमतेम रेघ उरते आणि मग पुन्हा वाढू लागते. बस्स, इतकंच. पण समोर उभं राहिलं की तो सपाट पृष्ठभाग त्या ठिकाणी चक्क आत दुमडलेला दिसतो, उघड्या पुस्तकाची पानं शिवणीपाशी आत जावीत तसा. चित्र १९६१ सालचं आहे आणि ते हातानं रंगवलेलं आहे.

इथे इंग्लंडमध्ये सुट्टीचे दिवस पावसात जातात. अशाच एका रविवारी मी हे चित्र खरंच कोडमध्ये करून पाहिलं. रुंदी ठरावीक प्रमाणात घटवत नेली, मध्यावर आणली, पुन्हा वाढवली. पंधरा ओळींचं काम. स्क्रीनवर आलेलं चित्र नीटनेटकं होतं, पण त्यात जीव नव्हता. एखादा पाइप आडवा पडल्यासारखं दिसत होतं. मग मूळ चित्राशी ताडून पाहिलं. रायली यांची घडी मध्यावर नाहीच, ती उजवीकडे सरकलेली आहे. चौकोन अरुंद होतात तेही एकाच वेगानं नाही. आधी ते रेंगाळतात आणि घडीजवळ आल्यावर एकदम घाई करतात. लूप मला लिहिता आला, पण कुठे रेंगाळायचं आणि कुठे घाई करायची, हे लूपला ठाऊक नव्हतं. रायली यांनी ते डोळ्यांनी पाहून ठरवलं होतं.

हे पाहणं त्यांनी मेहनतीनं कमावलं. त्यांचा जन्म १९३१ चा, लंडनमधला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बालपण कॉर्नवॉलच्या समुद्रकिनारी गेलं. पाण्यावर सतत बदलणारा उजेड तिथेच मनात बसला, असं त्या सांगतात. कलाशिक्षण संपल्यावर पोटासाठी जाहिरात कंपनीत नोकरी केली. १९५९ मध्ये त्यांनी फ्रेंच चित्रकार सेरा याच्या ‘कुर्बव्वाचा पूल’ या चित्राची नक्कल केली, तीही पुस्तकातल्या छापील चित्रावरून आणि मूळ चित्रापेक्षा मोठी. रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवले की डोळा त्यांचं काय करतो, हे त्यांना हातानं करून समजून घ्यायचं होतं. मूळ चित्र लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत आहे.

त्या काळचं ब्रिटनही ध्यानात घ्यायला हवं. युद्ध संपलं तरी रेशनिंग १९५४ पर्यंत चालू होतं. अशा टंचाईच्या देशात अमेरिकन मासिकांतल्या चकचकीत जाहिराती म्हणजे दुसऱ्याच जगाची खिडकी. एदुआर्दो पाओलोत्सी यांनी ती मासिकं कापून कोलाज केले. त्यातल्या १९४७ च्या एका कोलाजमध्ये पिस्तुलातून ‘पॉप!’ असा शब्द बाहेर पडताना दिसतो. पुढे १९५७ मध्ये रिचर्ड हॅमिल्टन यांनी एका पत्रात पॉप आर्टची लक्षणंच मांडली. ती लोकप्रिय असावी, स्वस्त असावी, ढिगानं तयार व्हावी, चटकन विसरली जावी, तरुणांसाठी असावी, वगैरे. या मंडळींची पुनरावृत्ती छापखान्यातून आली होती. एकच वस्तू हजार वेळा निघते, हाच त्यांच्या काळाचा चेहरा होता आणि तो त्यांनी आनंदानं आणि थोड्या खट्याळपणानं रंगवला. लंडनमध्ये ट्यूबनं फिरणाऱ्यांना पाओलोत्सी नावानं नसले तरी नजरेनं ओळखीचे असतात. टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनच्या भिंतींवरची रंगीत काचतुकड्यांची नक्षी त्यांचीच, १९८० च्या दशकातली. वर रस्त्यावर तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं होती, म्हणून भिंतीवरही यंत्रांचे भाग आहेत.

रायली यांची पुनरावृत्ती मात्र छापखान्याची नव्हती. त्यांच्या चित्रात तोच आकार पुन्हा येतो, तो आधीच्यापेक्षा किंचित वेगळा होण्यासाठी. गंमत अशी की छापखान्याच्या जगानं त्यांनाच गाठलं. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’ हे प्रदर्शन भरलं. कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर रायली यांचं चित्र होतं. त्या तिथे पोचल्या तर दुकानांच्या काचांमागे त्यांच्यासारख्याच नक्षीचे कपडे टांगलेले! त्यांचं चित्र विकत घेतलेल्या एका कापडवाल्यानंही त्यावरून कापड काढलं होतं. त्यांनी कायद्याचा आधार शोधला, पण अमेरिकेतल्या तेव्हाच्या कायद्यानं त्यांना दाद मिळाली नाही.

यावर कुणी म्हणेल, चांगलंच झालं की, कला घराघरांत पोचली. मला तसं वाटत नाही. कापडावर नक्षी पोचली, पण त्यातली घडी पोचली नाही. चित्रात ती एका नेमक्या जागी, नेमक्या मापात होती. कापड कापून शिवलं की ती कुठेही जाते. उरतात फक्त काळे-पांढरे पट्टे.

रायली मात्र थांबल्या नाहीत. १९६७ पासून त्यांनी चित्रांत पूर्ण रंग आणला. ‘कॅटॅरॅक्ट ३’ मध्ये पांढऱ्यावर लाल आणि हिरवट-निळ्या लाटा आहेत. जरा वेळ पाहत राहिलं की त्यांच्या मधल्या जागेत जे रंग लावलेच नाहीत, तेही तरळू लागतात. १९६८ मध्ये व्हेनिस बिएनालेमध्ये चित्रकलेचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

हे सगळं आत्ताच का आठवावं? कारण आमच्या ऑफिसात सध्या रोज हाच विषय असतो. कोड यंत्र लिहू लागलंय. जे काम आम्ही तासन् तास करायचो, ते मिनिटांत होतं. व्हिसा, घराचे हप्ते, मुलांची शाळा सगळं या नोकरीवर उभं असलेल्या माणसाला त्याची धास्ती वाटणारच. मला रायली यांच्या कामाची पद्धत यावर विचार करायला लावते. मोठी चित्रं त्या स्वतः रंगवत नाहीत, ते काम सहायक करतात. त्या स्वतः कागदावर छोटे नमुने करतात, रंगीत पट्ट्या कापतात, सरकवतात, पाहतात, पुन्हा सरकवतात. म्हणजे हाताचं काम त्यांनी कधीच दुसऱ्याला दिलं. पाहण्याचं आणि ‘हे नाही, ते’ असं म्हणण्याचं काम स्वतःकडे ठेवलं. यामुळे आमच्या नोकऱ्या टिकतील असं मी म्हणत नाही. पण काय स्वतःकडे ठेवायला हवं, ते थोडंफार कळतं.

लंडनला येणाऱ्यांनी आणि इथल्या आपल्या मंडळींनी त्यांचं काम प्रत्यक्ष पाहावं. टेट संग्रहालयाचा कायमचा संग्रह पाहायला तिकीट लागत नाही, मात्र प्रत्येक चित्र कायम भिंतीवर असतंच असं नाही, म्हणून आधी वेबसाइट पाहून जा. याच संग्रहात रायली यांचं १९९३ चं एक मोठं चित्र आहे, उभ्या पट्ट्यांना तिरके छेद देत गेलेलं, अनेक रंगांचं. त्याचं नाव आहे ‘नटराज’. चित्रात शंकर कुठेच नाही. तेच तुकडे पुन्हा पुन्हा येतात, शेजारचा रंग बदलला की त्यांची चाल बदलते, आणि बघता बघता भिंतीवर ताल धरला जातो.

फोटो काढायची घाई करू नका. बारीक रेघांच्या चित्रांत कॅमेऱ्याच्या पिक्सेलमुळे चित्रात नसलेल्या लाटा फोटोत उमटतात. दहा मिनिटं फोन खिशात ठेवा, आधी लांबून पाहा, मग जवळ जा, आणि पुन्हा मागे या.