चिपीचे विमान

श्रावण सरत आला की लालबाग-परळच्या घराघरांतून एकच चर्चा ऐकू येते : यंदा गावी जायचे कसे? पोटापाण्यासाठी गिरणगावात आलेल्या कोकणी माणसाला त्याच्या गावी ‘चाकरमानी’ म्हणतात. गिरण्यांचे भोंगे थांबून आता पुष्कळ वर्षे लोटली, अनेक चाळींच्या जागी उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या. परंतु गणेशचतुर्थीला गावच्या घरी पोहोचण्याची चाकरमान्याची ओढ तिळमात्र उणावलेली नाही.

त्याच्या प्रवासाची साधने मात्र पिढीगणिक पालटत गेली. एके काळी भाऊच्या धक्क्यावरून मालवण-वेंगुर्ल्याकडे आगबोटी सुटत. पावसाळ्यात समुद्र खवळला की त्या बंद राहत. पुढे एस.टी.च्या गाड्या घाट चढू-उतरू लागल्या. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. आणि ९ ऑक्टोबर २०२१ या दिवशी वेंगुर्ले तालुक्यातील चिपीच्या माळावर सिंधुदुर्ग विमानतळाचे उद्घाटन होऊन मुंबईहून आलेले प्रवासी विमान तेथे उतरले. रेल्वेने जेथे रात्र घालवावी लागे, तेथे आता सुमारे दीड तास पुरेसा झाला. गावोगावी केवढा आनंद झाला असेल! तथापि अवघ्या तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, मुंबई-चिपी ही विमानफेरी थांबली. जाणारी माणसे आहेत, उतरण्यास धावपट्टी आहे, मग विमान का थांबावे?

याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम दादरच्या फुलबाजारात जावे. पहाटे आलेली फुले त्याच दिवशी विकली गेली नाहीत, तर दुसऱ्या दिवशी त्यांना कोणी विचारीत नाही. विमानातील आसनाचे आयुष्य तर फुलाहूनही अल्प असते. विमान आकाशात झेपावले, की रिकामे राहिलेले आसन कायमचे वाया गेले. ते उद्यासाठी राखून ठेवता येत नाही. चिपीला जाणारे विमान सुमारे सत्तर आसनांचे होते. म्हणजे रेल्वेच्या शयनयानाच्या एका डब्यात जेवढी माणसे मावतात, साधारण तेवढीच. त्यात सत्तर माणसे बसोत वा वीस, इंधन, वैमानिकांचे वेतन आणि विमानतळाचे शुल्क यांत फारसा फरक पडत नाही.

गणेशोत्सवात तर विमान भरून जाईल, असे कोणी म्हणेल. खरे आहे, परंतु चतुर्थीपूर्वी सारी गर्दी मुंबईहून कोकणाकडे जाणारी असते. परतीच्या विमानात त्या दिवसांत कोण बसणार? गौरी-गणपतींचे विसर्जन झाले की नेमके उलटे घडते. शिवाय उत्सव वर्षातून एकदाच येतो आणि विमानाचा खर्च बारा महिने चालू असतो. उरलेल्या दिवसांत व्यापारी, पर्यटक, रुग्ण, परीक्षार्थी असे नित्याचे प्रवासी मिळाले, तरच सेवा टिकते.

असे प्रवासी जमेपर्यंत काही काळ जातो. या मधल्या काळासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘उडान’ ही योजना आखली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली मार्गावर तिचे पहिले विमान उडाले. या योजनेत विमानातील सुमारे निम्म्या आसनांचे भाडे मर्यादित ठेवले जाते. तासाभराच्या प्रवासासाठी आरंभी ही मर्यादा अडीच हजार रुपयांच्या आसपास होती. कंपनीला येणारी तूट सरकार भरून देते, पण ती केवळ तीन वर्षे. लहान मूल पांगुळगाड्याच्या आधाराने चालू लागते, तसाच हा आधार. चिपीच्या मुंबई-फेरीची ही मुदत सरली आणि फेरीही थांबली. आधार काढताच चालणे थांबले, याचा अर्थ पाय अजून बळकट झाले नव्हते.

ते का झाले नाहीत? पावसाळ्यात ढग खाली उतरले आणि धावपट्टी दिसेनाशी झाली, तर विमानाला उतरता येत नाही. फेऱ्या वरचेवर रद्द होऊ लागल्या, की प्रवाशाचा विश्वास उडतो. ज्याला लग्नाचा मुहूर्त गाठायचा आहे, तो रेल्वेचेच तिकीट काढतो. त्यातच ५ जानेवारी २०२३ पासून गोव्यातील मोपा येथून विमाने सुटू लागली. मोपा सिंधुदुर्गच्या सीमेलगतच आहे. सावंतवाडी-बांद्याकडील प्रवाशाला तेथे अधिक विमाने आणि अधिक वेळा मिळू लागल्या, तेव्हा त्याने तिकडे वळावे यात नवल नाही.

खरी अडचण मात्र मुंबईतच आहे. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरावी लागते. २०२४-२५ या वर्षात तेथून सुमारे साडेपाच कोटी लोकांनी प्रवास केला. दर दीड मिनिटाला एखादे विमान उतरते वा उडते म्हटले, तरी चालेल. सत्तर आसनांच्या विमानाला धावपट्टीवर जवळजवळ तेवढाच वेळ लागतो, जेवढा दोनशे आसनांच्या विमानाला. मग सोयीची वेळ मोठ्या विमानाच्या वाट्याला जाते आणि लहान विमानास अडचणीची वेळ पत्करावी लागते.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. त्याच्या आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या आहेत. त्यांपैकी एक प्रथम बांधली गेली. दुसरी झाली की दोन्हींचा एकाच वेळी उपयोग करता येईल. परळच्या शेजारील शिवडीहून निघणारा अटल सेतू खाडी ओलांडून त्याच बाजूस जातो. लहान गावांच्या विमानांना तेथे सोयीची जागा मिळेल काय, याकडे कोकणाचे डोळे लागले आहेत.

दादर स्थानकावर मात्र आजही मध्यरात्रीच्या सुमारास सावंतवाडीची तुतारी एक्सप्रेस उभी असते. केशवसुतांच्या कवितेचे नाव धारण करणारी ही गाडी पिशव्या, ट्रंका आणि झोपाळलेली मुले घेऊन कोकणाच्या वाटेला लागते, तेव्हा तिच्यात जागा क्वचितच रिकामी असते.